लांब शाफ्टची माणसं

आई झाली, अण्णा झाले, थोरली आक्का झाली, धाकटा भाऊ झाला, आणि बायकोपाशी येऊन तांबटाची माणसं संपली.

त्यानंतर त्याला दिसला तो पांढरा उजेड. शाफ्ट लाल व्हायला हवा होता, फार तर नारिंगी. हा पांढरा झाला होता आणि तांब्याच्या वेटोळ्याच्या आत त्याची मधली जाड पायरी मेणासारखी ओघळायला लागली होती. तांबटाचा पाय अजून मशीनच्या पायपट्टीवर होता. त्याने तो घाईघाईने उचलला. पाण्याचे फवारे सुटले, वाफ छतापर्यंत गेली आणि त्या वाफेत कुठेतरी बारीकसा टक् असा आवाज झाला. शाफ्टला तडा गेला होता.

"काय हो भावोजी, आज पाणी तापवताय का आंघोळीला?" पलीकडच्या तपासणीच्या टेबलावरून मेहुणी ओरडली.

"पाइप गळतोय जरा," तांबट म्हणाला. त्याची पाठ खांबाला टेकली होती म्हणून तो स्टुलावरून पडला नव्हता.

तांबट हे काही त्याचं आडनाव नव्हे. कारखान्यात तांब्याची वेटोळी तो स्वतः वळवायचा, लाकडी हातोडीने ठोकठोक करत, म्हणून कुणीतरी कधीतरी ते नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तर शेजारच्याने त्याला कोपराने ढोसावं लागे. काम मोठं गमतीचं. तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं, नळीतून गार पाणी खेळतं. वेटोळ्यात अशी वीज सोडायची की जी क्षणाला हजारो वेळा उलटसुलट होते. त्याने वेटोळ्याच्या पोटात चुंबकाची ताकद खेळायला लागते, आणि मध्ये उभा केलेला पोलादाचा दांडा, ना जाळ, ना कोळसा, ना कुणाचा स्पर्श, आपला आपणच तापतो. वरची साल लाल झाली की लगेच पाणी मारायचं. साल काचेसारखी कडक होते आणि गाभा तसाच राहतो, चिवट.

"वरून कडक, आतून मऊ. म्हणजे तुझ्या बहिणीसारखा," असं तांबट मेहुणीला चिडवायचा.

"आणि दोन्हीकडून कच्चे ते तुम्ही," मेहुणी म्हणायची. तिच्या हातात कानस असायची. तापवून विझवलेल्या प्रत्येक शाफ्टवर ती एकदा कानस ओढून बघे. कानस घसरली तर शाफ्ट पास, आणि चावली तर तो कच्चा. मग पुढे यंत्रावर नीट मोजणी. पण तिचा खरा विश्वास कानशीवर.

शेजारी नवं मशीन होतं, त्याला आपोआप बंद होणारं घड्याळ होतं. तांबटाच्या जुन्या मशीनला फक्त पायपट्टी. पाय ठेवला की ताप, उचलला की पाणी. एकदोन नगांची फुटकळ कामं त्यावर यायची आणि वेळ माणसाने धरायची. तांबट ती घरच्या माणसांवर धरायचा. मनात एकेकाला आणायचं, त्याचा चेहरा नीट दिसला की पुढचा. छोट्या पिनेला आई, अण्णा आणि आक्का पुरत. लांब शाफ्टला मात्र सासरची माणसंसुद्धा घ्यावी लागत, आणि त्यांच्याशिवाय काही कडक होत नाही हे तो अनुभवाने सांगू शकला असता. पण सांगितलं नव्हतं कुणाला. हसले असते लोक.

आई गेली तेव्हा कामावर परत आल्यावर पहिल्याच दिवशी तिला आणायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने अण्णांपासून सुरुवात केली. शाफ्ट कच्चा निघाला. दुसऱ्या दिवसापासून आई पुन्हा आपल्या जागी आली, आणि पुढे अण्णा गेले तेव्हा तर त्याने त्यांना हलवण्याचा विचारसुद्धा केला नाही. स्वतःला तो कधी धरत नसे. मोजणाऱ्याने स्वतःला कशाला मोजायचं?

वाफ विरल्यावर त्याने तो बिघडलेला शाफ्ट चिमट्याने उचलून पाहिला. ओघळलेली पायरी एका बाजूला फुगून घट्ट झाली होती. इतर कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, चुकून जास्त तापला. तांबटाला त्यात वेळ दिसत होता. पोलाद लाल व्हायला अमुक, पिवळं व्हायला तमुक, आणि इतकं ओघळायला त्याहून बरंच. तेवढा वेळ तो नव्हता. पाय पट्टीवर ठेवून तो कुठेतरी गेला होता आणि परत आला होता, आणि गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं. चक्कर याआधीही आली होती, पण चक्करेचा असा पुरावा हातात यायची ही पहिलीच वेळ. त्याने शाफ्ट बाकाखाली, तांब्याच्या तुकड्यांच्या मागे सरकवून दिला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकायला आपली माणसं थोडी लांबची असावी लागतात. मेहुणीच्या तोंडात तीळ भिजत नसे. तांबट घरी पोचून चपला काढतोय तोवर बायकोने दवाखान्याची वेळ घेऊन ठेवली होती.

"पाइप गळत होता म्हणे," बायको म्हणाली. "आणि चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता म्हणे. पाइप गळल्यावर चेहरा पांढरा होतो, हे मला नव्हतं माहीत."

दवाखान्यात छातीला तारा डकवून एक लहान यंत्र रात्रंदिवस कमरेला बांधून ठेवलं. ते काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली. कागदावरच्या रेघा चालत चालत येत होत्या आणि एका जागी सपाट होऊन बरंच अंतर तशाच जात होत्या.

"इथे तुमचं हृदय थांबलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या बोलायला शांत होत्या. "मग सुरू झालंय. पण एखाद्या दिवशी सुरू व्हायचं विसरेल. गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवू. हृदय थांबलं की ते टोचून उठवतं. ऑपरेशन मोठं नाही, पण थांबायला वेळ नाही आपल्याकडे." मग पेन उघडत त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

तांबटाने छताकडे पाहिलं. "गोडाऊनला असतो."

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे पाहू लागला.

"बरं आहे मग," डॉक्टरीणबाई लिहीत म्हणाल्या. "वेल्डिंग, विजेच्या भट्ट्या असल्या ठिकाणी असतात त्यांची पंचाईत होते. यंत्र गोंधळतं तिथे."

बाहेर पडून रस्ता ओलांडल्यावर बायकोने विचारलं,

"गोडाऊनला कधीपासून?"

"अगं, खरं सांगितलं की चार चाचण्या वाढवतात हे लोक. आपलं काम काय नि त्यांचं काय."

तिला ते पटलं नाही, पण मशीनमधलं तिला काही कळत नव्हतं. तिने नेहमीप्रमाणे संध्याकाळी बहिणीला फोन केला, आणि दवाखान्यात काय काय झालं ते सांगता सांगता गोडाऊनचंही सांगितलं. पलीकडे मेहुणी एकदम गप्प झाली. मेहुणी गप्प होणं ही गोष्टच इतकी नवी होती की बायकोने फोन बंद पडला असं समजून तो हलवून पाहिला.

सुटीच्या दिवशी सकाळी मेहुणी आली. हातात जड पिशवी होती. बायको भाजी चिरत होती, तांबट नळाचा वॉशर बदलत होता. मेहुणीने पिशवीतून जुन्या कापडात गुंडाळलेली वस्तू काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली आणि कापड उलगडलं.

"हे काय आणलंस?" बायकोने विचारलं.

"भावोजींना विचार. त्यांनीच बाकाखाली झोपवून ठेवलं होतं."

तांबट पाना हातात घेऊन उभा राहिला. "ते भंगार आहे. ते घरी आणायचं असतं का?"

"तुमच्या मशीनच्या दारावर पाटी आहे," मेहुणी म्हणाली. "कुणी लावली?"

"मी."

"काय आहे तिच्यावर? ताईला सांगा."

पाटीवर एक लाल हृदय काढलेलं होतं आणि त्यावर तिरकी काळी फुली होती. खाली लिहिलं होतं, छातीत यंत्र बसवलेल्यांनी पिवळ्या रेघेच्या पुढे येऊ नये. नवीन कुणी आलं की तांबट ती पाटी दाखवून म्हणायचा, प्रेमात पडलेल्यांना आत प्रवेश नाही. वर्षानुवर्षं तोच विनोद, आणि वर्षानुवर्षं लोक हसायचे.

"ते वेटोळं जसं शाफ्टला न शिवता तापवतं, तसं ते छातीतल्या यंत्रालाही न शिवता भलतंसलतं सांगू शकतं, ताई," मेहुणी म्हणाली. "चालू ठेव म्हणण्याऐवजी बंद पड म्हणू शकतं. हे भावोजींना माझ्याहून जास्त माहीत आहे. म्हणून तर गोडाऊन. यंत्र बसवायचं, वरून शर्ट घालायचा आणि गुपचूप मशीनवर जाऊन बसायचं. हो की नाही?"

"लांब बसलो असतो जरा," तांबट म्हणाला. त्याचं त्यालाच ते पोरकट वाटलं. पायपट्टी लांब जात नव्हती.

बायकोने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि शाफ्ट उचलला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो जड निघाला. ओघळलेल्या फुगवट्यावर तिने अंगठा ठेवून पाहिला.

"एवढं व्हायला किती वेळ लागतो?"

"फार नाही."

"फार नाही म्हणजे किती?"

"तुमच्या माणसांत सांगा ना तिला," मेहुणी म्हणाली.

तांबटाने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"ओठ हलतात तुमचे, भावोजी. मला आधी वाटायचं देवाचं नाव घेताय. मग एकदा नीट बघितलं, तर शेवटी मी. मी आले की पाय उचलता."

"कुठली माणसं?" बायको म्हणाली.

मग सांगावंच लागलं. तांबट खुर्चीवर बसला, उजवा पाय फरशीवर टेकवला आणि मशीनवर म्हणायचा त्याच चालीने म्हणू लागला, फक्त या वेळी मोठ्याने. "आई. अण्णा. आक्का. धाकटा. तू. लेक. जावई. सासरे. सासूबाई. मेहुणी." आणि पाय उचलला.

"म्हणजे मी आले की तुम्ही काढता पाय घेता," मेहुणी म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

बायको शाफ्ट धरून तशीच उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली. हा माणूस कामावरून यायचा, हात धुवायचा, जेवायचा, आणि आज काय झालं विचारलं की म्हणायचा, काही नाही. त्या काही नाहीमध्ये रोज ती होती, तिचे आईवडील होते, हे तिला आज कळत होतं.

"यातली चौघं तर आता नाहीत," ती म्हणाली.

"त्यांना काढलं तर शाफ्ट कच्चा राहतो."

"आणि त्या दिवशी? कुठपर्यंत आला होतात?"

तांबटाने खाली पाहिलं. "तुझ्यापर्यंत."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बायकोने शाफ्ट टेबलावर ठेवला, अगदी हळू, जणू तो अजून गरम होता.

"म्हणजे मला मध्येच उभं करून गेलात," ती म्हणाली. "आणि लेक आलीच नाही."

तांबटाला त्या दिवसापासून पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची नव्हे. ते कसं असतं याचा नमुना त्याला मिळाला होता आणि त्यात काही दुखलं नव्हतं. पण आपण गेल्यावर ही अशीच मध्ये उभी राहील, पुढे कोण येणार ते न कळता, हे त्याला टेबलावरच्या त्या लोखंडात स्पष्ट दिसलं, आणि त्याला रडू आलं. त्याने ते पान्याकडे बघत गिळलं.

"मला मशीनशिवाय दुसरं काही येत नाही गं," तो म्हणाला.

"माहीत आहे," बायको म्हणाली. "मशीन हवं तर ठेवा. मी नाही म्हणणार नाही. पण मग ऑपरेशनला एकटे जा. तुम्ही खोटं बोलणार आणि मी शेजारी बसून माना डोलवणार, ते मला नाही जमायचं." आणि तिने सुरी उचलून उरलेली भाजी चिरायला घेतली. मेहुणीने कापड पुन्हा गुंडाळलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना तांबटाने आपण होऊन सांगितलं. बायको शेजारच्या खुर्चीत होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. फक्त आधी लिहिलेलं खोडून पुन्हा लिहिलं आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला त्या मशीनपासून कायम लांब राहावं लागेल."

"पाटी मीच लावलीय," तांबट म्हणाला.

यंत्र बसलं. काडेपेटीपेक्षा लहान, कातडीखाली हाताला लागायचं. कारखान्याचे साहेब भले होते. म्हणाले, तुम्ही वेटोळी करा, ती करणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे? हॉलच्या अगदी पलीकडच्या टोकाला, टूलरूमच्या मागच्या खोलीत, त्याला बाक मिळालं, पत्र्याची खिडकी मिळाली, तांब्याच्या नळ्यांचा गठ्ठा मिळाला. तिथे चुंबक नव्हता, पाणी नव्हतं, लाल काही नव्हतं. तांबट नळी वळताना चेपू नये म्हणून तिच्यात वाळू भरायचा, ती साच्यावर वळवायचा, हातोडीने ठोकायचा. काम आवडीचंच होतं, पण पूर्वी वेटोळं करून झालं की ते मशीनला लावून त्यात पहिला शाफ्ट लाल होताना बघायचा. आता वेटोळं तयार झालं की पिवळ्या रेघेपर्यंत न्यायचं आणि रेघेवरून पलीकडे द्यायचं. त्याला वाईट वाटायचं. फार वाईट वाटायचं, आणि त्यावर काही औषध नव्हतं.

मशीनवर आता लेथवाला बसायचा, आधी कातकामाच्या लेथवर असलेला. चाळिशी उलटलेला, हाताचा चांगला, पण तोंडाने भलता घाईचा. लेथच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, ती इथेही सुटली नव्हती. पिना, छोटे दांडे त्याने चार दिवसांत जमवले. मग लांब शाफ्टचं काम आलं.

तांबट नवं वेटोळं द्यायला रेघेशी आला तेव्हा लेथवाला कपाळ चोळत बसला होता.

"काका, किती धरू याला? एक कच्चा गेला, एक जळाला."

"घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"हं?"

"माणसं. माणसं कोण कोण आहेत?"

"आई आहे. आणि मांजर."

"बास?"

"बास."

मांजर धरूनही लांब शाफ्ट होण्यासारखा नव्हता. तांबटाने त्याला सगळं समजावून सांगितलं. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं, आता रेघेच्या अलीकडून, मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून सांगत होता. लेथवाला हसेल असं त्याला वाटलं होतं. लेथवाला हसला नाही.

"तुमची द्या मग उसनी," तो म्हणाला.

"माणसं उसनी देतात का कुणी?"

"एका शाफ्टपुरती, काका. जपून वापरीन."

तपासणीच्या टेबलावर मेहुणी कानस पुसत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा खाली. तांबटाने रेघेवरून एकेक नाव सांगितलं. कोण कसं दिसायचं हेही सांगितलं, कारण चेहरा दिसल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं. आई ठेंगणी. अण्णांच्या भुवया दाट. आक्का बोलताना मान वाकडी करायची. बायकोचं काय सांगावं हे त्याला चटकन सुचेना. "ती सुरी खाली ठेवून बघते," तो म्हणाला.

लेथवाल्याने पाय ठेवला. "काकांची आई! अण्णा! आक्का! धाकटे काका! काकू!" तो ओरडत गेला. शाफ्ट लालसर झाला, लाल झाला. "मेहुणी!" पाय उचलला. वाफ निघाली.

मेहुणीने शाफ्ट गार झाल्यावर त्यावर कानस ओढली. चावली.

"कच्चा," ती म्हणाली. "थोडासाच."

"हळू म्हणायला हवं तू," तांबट म्हणाला.

"मला हळू नाही येत, काका. जन्मात नाही आलं."

"मग एक माणूस वाढव."

"कोण?"

तांबट विचार करू लागला. आक्काचे यजमान कधी मनात बसले नव्हते. धाकट्याच्या बायकोचा चेहरा नीट आठवेना. साहेब घरचे नव्हेत. तो शर्टाच्या आतून गळ्याच्या हाडाखाली हात फिरवत राहिला, हल्ली तशी सवयच लागली होती.

"बघताय काय भावोजी?" मेहुणी म्हणाली. "एक माणूस राहिलंय ना."

तांबटाने तिच्याकडे पाहिलं, मग लेथवाल्याकडे.

"मला घे," तो म्हणाला.

लेथवाल्याने नवा शाफ्ट वेटोळ्यात उभा केला, पट्टीवर पाय ठेवला आणि पुन्हा आईपासून सुरुवात केली. पिवळ्या रेघेच्या अलीकडे तांबटाचे ओठ हलत होते. अण्णा गेले, आक्का गेली, धाकटा गेला. बायको आली आणि गेली, तिच्यामागे लेक आली. वेटोळ्यातला लाल रंग समोरच्या भिंतीवर हलत होता. "मेहुणी!" लेथवाला ओरडला, आणि तांबटाचा उजवा पाय जुन्या सवयीने आपोआप फरशीवरून उचलला गेला. लेथवाल्याचा पाय मात्र पट्टीवरच होता. आपली पाळी येईपर्यंत तांबट तसाच एका पायावर उभा राहिला.

"तांबटकाका!" लेथवाला म्हणाला, आणि पाणी सुटलं.

तांबटाने पाय खाली ठेवला. वाफ विरेपर्यंत थांबला, मेहुणीच्या टेबलावर कानस घसरल्याचा आवाज ऐकला, आणि उरलेल्या नळ्या वळवायला मागच्या खोलीत गेला.